मिडियम फॉरमॅटची रॉ फाइल कशात उघडावी: कॅप्चर वन, हॅसलब्लाड फोकस, लाइटरूम क्लासिक आणि रॉथेरपी

मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्याची (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा मोठा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याची) एकच रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, तीन-चार सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि एकाही स्लायडरला हात लावू नका. तरीही प्रत्येक ठिकाणी वेगळा फोटो दिसेल. एकात ढग पांढरेफटक, दुसऱ्यात त्याच ढगांत पोत शाबूत. एकात इमारतीची कड सरळ, दुसऱ्यात जराशी फुगलेली. सेन्सरने टिपलेले आकडे सगळीकडे तेच असतात. टोन कर्व्ह, लेन्सची दुरुस्ती, शार्पनिंग, नॉइज कमी करणं, एक्सपोजरची छुपी भर हे निर्णय मात्र सॉफ्टवेअरने तुम्हाला न विचारता घेतलेले असतात. वेबसाइटवर टाकायच्या फोटोत ते खपून जातात. १०० मेगापिक्सेलच्या फाइलमधून ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) जवळजवळ ३९ × २९ इंचांचा प्रिंट निघतो आणि त्या आकारावर ते लपत नाहीत.

म्हणून इथे प्रत्येक सॉफ्टवेअरला पहिला प्रश्न एकच विचारला आहे: तू स्वतःहून काय काय करतोस, ते मला दिसतं का, आणि बंद करता येतं का? वेग, रंग, मास्क वगैरे त्यानंतर.

फाइलचं वजन

सध्याचे बहुतेक कॅमेरे दोन मापांत मोडतात. फुजीफिल्मची जीएफएक्स मालिका आणि हॅसलब्लाडची एक्स मालिका यांचा सेन्सर साधारण ४४ × ३३ मिमी, तर फेज वनच्या आयक्यू४ १५० या डिजिटल बॅकचा (कॅमेऱ्याच्या मागे लावायच्या सेन्सरच्या भागाचा) ५३.४ × ४० मिमी. जीएफएक्स ५०एस, हॅसलब्लाड एक्स१डी, पेंटॅक्स ६४५झेड या ५० मेगापिक्सेलच्या पिढीत पिक्सेल ५.३ मायक्रॉनचा होता. १०० आणि १५० मेगापिक्सेलच्या पिढीत तो ३.७६ मायक्रॉनचा आहे.

जीएफएक्स १०० मालिकेची फाइल ११,६४८ × ८,७३६ पिक्सेलची, म्हणजे १० कोटींहून जास्त पिक्सेल. १६ बिटमध्ये, कॉम्प्रेशनशिवाय, ती २०८ एमबीच्या आसपास जाते. हॅसलब्लाड एक्स२डी १००सीची थ्रीएफआर फाइल सरासरी २०६ एमबीची. दिवसभरात ५०० फोटो काढले तर १०० जीबी झालेच. जीएफएक्समध्ये १४ बिट आणि लॉसलेस कॉम्प्रेशन निवडलं की आकार दृश्यानुसार निम्म्याच्या आसपास येतो आणि त्या कॉम्प्रेशनमध्ये माहिती अजिबात जात नाही. मेनूत नुसतं ‘कॉम्प्रेस्ड’ असा तिसरा पर्याय दिसतो, तो मात्र लॉसी आहे, म्हणजे त्यात काही माहिती जाते. मोठ्या प्रिंटच्या कामाला तो नको.

१६ बिटचा फायदा नेमका कुठे, हे एकदा नीट समजून घ्यावं. सर्वांत कमी आयएसओला काढलेल्या फोटोत अगदी गडद भाग ४-५ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट) उचलायचे असतील, तरच फरक पडण्याची शक्यता आहे. आयएसओ वाढवला की सेन्सरचा स्वतःचा नॉइज १४ बिटच्या एका पायरीपेक्षा जाड होतो, आणि मग जादा दोन बिटांत नॉइजच साठवला जातो. शिवाय १६ बिटमध्ये कॅमेऱ्याचा सलग फोटो काढण्याचा वेग घटतो. स्टुडिओत ट्रायपॉडवर १६ बिट, बाकी सगळीकडे १४ बिट लॉसलेस, ही विभागणी पुरेशी आहे.

खरा भार रॉ फाइल डेव्हलप केल्यानंतर पडतो. १६ बिट टिफमध्ये प्रत्येक पिक्सेलला ६ बाइट, म्हणजे १०० मेगापिक्सेलचा एक सपाट टिफ ६१० एमबीचा आणि १५० मेगापिक्सेलचा ९०० एमबीच्या वर. पूर्ण पिक्सेल असलेला प्रत्येक लेअर जवळजवळ तेवढीच भर घालतो. पीएसडीची मर्यादा २ जीबी आणि टिफची ४ जीबी, त्यामुळे तीन-चार लेअरनंतर फोटोशॉप सेव्ह करायला नकार देतं आणि हे कळतं तेव्हा तासाभराचं रिटचिंग झालेलं असतं. पहिल्याच सेव्हला पीएसबी (फोटोशॉपचा मोठ्या फाइलसाठीचा फॉरमॅट) निवडा.

यंत्राचं म्हणाल तर ३२ जीबी रॅम ही सुरुवात. पॅनोरामा जोडायचे असतील किंवा फोटोशॉप सोबत उघडं ठेवायचं असेल तर ६४ जीबी. ग्राफिक्स कार्डावर किमान ८ जीबी मेमरी हवी. पैसे मोजकेच असतील तर वेगवान एनव्हीएमई एसएसडी कॅटलॉग, प्रीव्ह्यू आणि कॅशेसाठी राखा. मूळ रॉ फाइल साध्या डिस्कवर असल्या तरी तितकं अडत नाही.

कॅप्चर वन

फेज वनच्या आयआयक्यू फाइलसाठी हे घरचंच सॉफ्टवेअर, आणि जीएफएक्सच्या आरएएफ फाइल २०१८ पासून यात उघडतात. आधी एक गोष्ट तपासा: हॅसलब्लाड आणि पेंटॅक्स ६४५ यांच्या मूळ फाइलना कॅप्चर वनने वर्षानुवर्षे दार बंद ठेवलं होतं. तुमच्या मॉडेलचं नाव त्यांच्या अधिकृत यादीत असल्याची खात्री झाल्याशिवाय पैसे भरू नका. फुजीफिल्म वापरणाऱ्यांना मोफत मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या सल्ल्यांवर विसंबून तिचा शोध घेण्यात अर्थ नाही.

छुप्या निर्णयांच्या कसोटीवर कॅप्चर वन चांगलं उतरतं. कारण जे केलंय ते टूलमध्ये आकड्यांत दिसतं. ‘बेस कॅरेक्टरिस्टिक्स’मध्ये प्रोफाइल आणि कर्व्ह असे दोन वेगळे पर्याय आहेत. जीएफएक्सच्या फाइलवर कर्व्ह ‘ऑटो’ ठेवला तर कॅमेऱ्यात निवडलेलं फिल्म सिम्युलेशन लागू होतं. इथेच अनेकांची फसगत होते. कॅमेरा व्हेल्व्हियावर (भडक रंगांच्या फिल्म सिम्युलेशनवर) राहिलेला असतो आणि ‘कॅप्चर वनचे लाल रंग फार भडक’ असा निष्कर्ष निघतो. फाइल खरोखर काय सांगते ते पाहायचं असेल तर कर्व्ह ‘लिनियर रिस्पॉन्स’ करा. फोटो एकदम निस्तेज आणि काळोखा दिसेल, पण जळले म्हणून सोडून दिलेल्या ढगांत तपशील शिल्लक आहे का, हे तिथे कळतं. चित्रांच्या किंवा हस्तलिखितांच्या प्रतिकृतीसाठी सुरुवात याच कर्व्हवरून करावी.

नॉइज रिडक्शनचे ल्युमिनन्स आणि कलर हे दोन्ही स्लायडर ५० वर उभे असतात. त्या ५० चा अर्थ ‘या कॅमेऱ्याच्या या आयएसओला आम्ही योग्य मानतो तेवढं’ असा आहे. कमी आयएसओच्या मिडियम फॉरमॅट फाइलला ल्युमिनन्स ५० ची गरज नसते. कापडाचा धागा, दगडाचा कण, त्वचेचा पोत त्यात हलकासा पुसला जातो. ल्युमिनन्स ० ते २० दरम्यान आणा, कलर तसाच राहू द्या. शार्पनिंगचा रेडियस ०.८ वरून ०.६ च्या आसपास उतरवला की ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर कडांभोवतीची पांढरी रेष जाते. हे आकडे जुळले की टूलच्या मेनूतून त्या कॅमेऱ्यासाठी ‘डिफॉल्ट’ म्हणून जतन करा, म्हणजे दर शूटला तेच काम नको.

लेन्सच्या बाबतीतही मोकळीक आहे. जीएफ लेन्सच्या (जीएफएक्सच्या लेन्सच्या) दुरुस्तीची माहिती कॅमेरा फाइलमध्येच लिहितो. कॅप्चर वन ती वापरतं, पण डिस्टॉर्शनचा स्लायडर शून्यावर आणता येतो. त्याने कोपऱ्यांतला ताणलेपणा कमी होतो आणि कडेची थोडी जास्त चौकटही हाती लागते. सरळ रेषा नसलेल्या निसर्गदृश्यात मी हे कायम सुचवेन.

आता डोकेदुखी. कॅप्चर वनच्या सेशनमध्ये तुमची सगळी एडिटिंग रॉ फाइलच्या शेजारच्या ‘कॅप्चरवन’ नावाच्या उपफोल्डरमध्ये साठते: ‘सेटिंग्ज’मध्ये बदल, ‘कॅशे’मध्ये प्रीव्ह्यू. संगणकाच्या साध्या फाइल खिडकीतून रॉ फाइल उचलून दुसरीकडे ठेवली की उपफोल्डर मागे राहतो आणि फाइल कोरी उघडते. हलवाहलव कॅप्चर वनच्या ब्राउझरमधूनच करायची. रिटचरला एखादी फाइल पाठवायची असेल तर ती ईआयपीमध्ये बांधा. त्यात रॉ, सेटिंग आणि एलसीसी (लेन्समुळे येणाऱ्या रंगझाकेची दुरुस्ती, खाली पाहा) एकत्र जातात. ईआयपी इतर सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, म्हणून संग्रहात ठेवण्यापूर्वी ती सोडवून मूळ आरएएफ किंवा आयआयक्यू मोकळी करा.

प्रीव्ह्यूचा आकारही सुरुवातीलाच बदलावा. मूळ सेटिंग २५६० पिक्सेलची असते. ४के किंवा ५के पडद्यावर त्यामुळे प्रत्येक फोटो आधी मऊ आणि मग कडक दिसतो, आणि निवड करताना फोकस चुकल्याचा भास होतो. पडद्याच्या रुंदीइतका आकडा द्या आणि आधी आयात केलेल्या फोटोंचे प्रीव्ह्यू पुन्हा बनवून घ्या.

टेदरिंग (कॅमेरा केबलने संगणकाला जोडून फोटो काढणं) या सॉफ्टवेअरइतकं सहज क्वचितच कुठे होतं. तरी फाइलच्या आकारामुळे केबलचा दोष लगेच उघडा पडतो. यूएसबी-सी टोक असलेल्या पुष्कळ केबल आतून यूएसबी २.० च्याच असतात. त्यातून २०८ एमबीची फाइल यायला ५-६ सेकंद लागतात आणि तोवर मॉडेलने पुढची मुद्रा घेतलेली असते. केबलवर ५ किंवा १० गिगाबिट लिहिलेलं पाहून घ्या, आणि ३ मीटरपेक्षा लांब जायचं असेल तर मध्ये अ‍ॅक्टिव्ह रिपीटर लावा. नाहीतर जोडणी शूटच्या मधोमध तुटते.

एलसीसी: टेक्निकल कॅमेरावाल्यांसाठी निर्णायक

कॅप्चर वनचं एलसीसी हे टूल स्वतंत्र भागाच्या लायकीचं आहे. डिजिटल बॅक टेक्निकल कॅमेऱ्यावर लावून वाइड लेन्स शिफ्ट केली (सेन्सरला समांतर सरकवली) की प्रकाश सेन्सरवर फार तिरका पडतो. एका बाजूला किरमिजी आणि दुसऱ्या बाजूला हिरवट झाक येते, कोपरे काळवंडतात. जुन्या सीसीडी बॅकमध्ये कधी कधी चौकटीच्या मधोमध दोन अर्ध्या भागांची सीमाही दिसते. आयक्यू४ १५० सारख्या बॅकसाइड इल्युमिनेटेड सेन्सरने ही झाक पुष्कळ कमी केली आहे. पूर्ण गेलेली नाही.

उपाय असा. मूळ फोटो काढल्यावर कॅमेरा, अ‍ॅपर्चर, फोकस आणि शिफ्ट यांतलं काहीही न हलवता लेन्सच्या तोंडाशी दुधी अ‍ॅक्रिलिकची पाटी सपाट धरा आणि आणखी एक फोटो काढा. पाटी प्रकाश खाते, म्हणून एक्सपोजर साधारण २ ते ३ स्टॉप वाढवावं लागतं. हिस्टोग्रामचा डोंगर मधोमध यायला हवा. तो डावीकडे राहिला तर दुरुस्तीतून नॉइज मुख्य फोटोत उतरतो आणि उजवीकडे आपटला तर झाकेची मोजणीच चुकते. पाटी तिरपी धरली की एका बाजूला खोटा उजेड येतो. शिफ्ट बदलली की नवी पाटी, अ‍ॅपर्चर बदललं तरी नवी पाटी. इथे आळस केला तर पुढे तासन्‌तास ब्रश चालवावा लागतो.

कॅप्चर वनमध्ये पाटीचा फोटो निवडून ‘क्रिएट एलसीसी’ करा, शिफ्ट असेल तर वाइड अँगल आणि मूव्हमेंटचा पर्याय घ्या, मग ती दुरुस्ती मुख्य फोटोंवर लावा. ‘युनिफॉर्म लाइट’ पूर्ण १०० वर ठेवण्याचा मोह टाळा. कोपरे तीन स्टॉप उचलले गेले तर तिथला नॉइजही तितकाच वर येतो. ५० ते ७० पुरे, आणि फोटोही नैसर्गिक दिसतो. सेन्सरवरच्या धुळीची नोंद पाटीत आपोआप येते, हा वरचा लाभ. मात्र पाटी धुळकट असेल तर नको ते ठिपके ‘दुरुस्त’ होतात.

लाइटरूम क्लासिकमध्ये लायब्ररी मेनूत फ्लॅट-फील्ड करेक्शन आहे. ते काम करतं, पण दुरुस्त केलेल्या वेगळ्या डीएनजी बनवतं आणि डिस्क भराभर भरते. हॅसलब्लाड फोकसमध्ये यालाच सीन कॅलिब्रेशन म्हणतात. रॉथेरपीचं फ्लॅट-फील्ड टूल मोफत असूनही भक्कम आहे. झटपटपणा आणि नियंत्रण दोन्ही एकत्र हवं तर कॅप्चर वन.

हॅसलब्लाड फोकस

लेन्सच्या फोकसशी गल्लत नको. हे हॅसलब्लाडचं स्वतःचं मोफत सॉफ्टवेअर आहे. कार्डावरची थ्रीएफआर फाइल आयात करताना फोकस तिची एफएफएफ बनवतं आणि पुढचे सगळे बदल त्या एफएफएफच्या पोटातच लिहितं. शेजारी वेगळी सेटिंगची फाइल नाही, कॅटलॉग नाही. फाइल कुठेही हलवा, काम सोबत जातं. हे मला अतिशय पसंत आहे. दुसरी बाजूही ध्यानात घ्या: प्रत्येक छोट्या बदलाने २०० एमबीची फाइल बदलली असं बॅकअपचं सॉफ्टवेअर समजतं आणि ती पुन्हा पूर्ण कॉपी करत बसतं. म्हणून मूळ थ्रीएफआर वेगळ्या डिस्कवर हात न लावता ठेवा आणि एफएफएफचा बॅकअप काम संपल्यावर घ्या.

रंग हे फोकसचं बलस्थान. हॅसलब्लाड नॅचरल कलर सोल्यूशनमागची कल्पना अशी, की माणसं, निसर्ग, वस्तू यांसाठी वेगवेगळी प्रोफाइल न ठेवता एकच सर्वसमावेशक प्रोफाइल असावं. त्वचेच्या उजळ भागातून सावलीकडे जाताना रंगाची छटा सरकत नाही, आणि गहूवर्णी त्वचेतला पिवळेपणा हिरवट होत नाही. लाइटरूम त्याच फाइल उघडतं, पण अडोबीच्या स्वतःच्या प्रोफाइलने. तिथला रंग वाईट नाही, वेगळा आहे. हॅसलब्लाडच्या रंगासाठी कॅमेरा घेतला असेल तर फाइल निदान पहिल्या टप्प्यात तरी फोकसमधून जायला हवी.

लेन्सच्या दुरुस्त्या (डिस्टॉर्शन, कोपऱ्यांचा काळेपणा, रंगांच्या किनारी) इथे वेगवेगळ्या चालू-बंद करता येतात. म्हणजे आपल्या कसोटीला फोकस उतरतं.

मग लोक कंटाळतात कशाने? स्थानिक बदलांची साधनं तोकडी आहेत. चेहरा किंवा आकाश आपोआप ओळखणारे मास्क दिमतीला असलेल्या माणसाला इथे हात बांधल्यासारखं वाटतं. शेकडो फोटोंच्या फोल्डरमध्ये प्रीव्ह्यू संथ येतात, आणि विंडोजची आवृत्ती सोयींच्या बाबतीत मॅकच्या मागेच राहत आली आहे. म्हणून कामाची वाटणी अशी करावी: व्हाइट बॅलन्स, एक्सपोजर, लेन्स दुरुस्ती आणि रंग फोकसमध्ये, मग १६ बिट टिफ काढून स्थानिक काम फोटोशॉपमध्ये. टिफ काढताना शार्पनिंग अगदी कमी ठेवा आणि रंगजागा (कलर स्पेस) मोठी निवडा, कारण एकदा टिफ झाल्यावर तिथून परतीची वाट नाही. फोकसमध्ये केलेले बदल लाइटरूमला दिसत नाहीत. एफएफएफ तिथे उघडते, पण कोरी.

लाइटरूम क्लासिक

आरएएफ, थ्रीएफआर, एफएफएफ, आयआयक्यू, पेंटॅक्सच्या डीएनजी असं सगळं एका छपराखाली उघडणारं हेच. दोन-तीन कंपन्यांचे कॅमेरे असतील, वीस वर्षांचा संग्रह सांभाळायचा असेल, तर याला तोड नाही. बदल एक्सएमपी फाइलमध्ये लिहायची सोय आहे. ती सेटिंग चालू करा, म्हणजे कॅटलॉग बिघडला तरी काम वाचतं.

पण आपल्या कसोटीवर ते सर्वांत अपारदर्शक ठरतं. जीएफ लेन्सची फाइलमधली दुरुस्ती लाइटरूम आपोआप लावतं, ‘बिल्ट-इन प्रोफाइल लागू’ एवढं सांगतं आणि ती बंद करायला बटण देत नाही. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्यासाठी अडोबीची स्वतःची मूळ एक्सपोजरची भर असते. ती एक्सपोजर स्लायडरवर उमटत नाही, स्लायडर शून्यच दाखवतो. मग हिस्टोग्राम उजवीकडे आपटलेला दिसतो आणि फोटो जळालाय असं वाटतं, प्रत्यक्षात रॉमध्ये जागा शिल्लक असते. ज्यांना एक्सपोजर शक्य तितकं उजवीकडे ठेवायची सवय आहे, त्यांनी निवडीसाठी फास्टरॉव्ह्यूअर वापरावं. ते रॉचाच हिस्टोग्राम दाखवतं. रॉडिगरमध्ये तर चारही चॅनेलचे कच्चे आकडे वाचता येतात. हिरवा चॅनेल भरलाय आणि लाल-निळे अजून खाली आहेत, हे तिथेच कळतं.

शार्पनिंगची मूळ सेटिंग ४०, रेडियस १.० आणि डीटेल २५. रेडियस १.० हा या फाइलना जास्त आहे. ०.५ ते ०.७ वर आणून डीटेल ६० च्या पुढे न्या. डीटेल वाढवत गेलं की लाइटरूमची पद्धत डीकॉन्व्होल्यूशनकडे (आलेली धूसरता गणिताने उलटवण्याकडे) सरकते, जे उत्तम लेन्सच्या बारीक तपशिलाला मानवतं. उजळ पार्श्वभूमी दाणेदार झाली तर मास्किंग २०-३० पर्यंत.

एआय डीनॉइज जास्त आयएसओच्या फाइलवर खरोखर उपयोगी आहे, मात्र प्रत्येक फाइल काळजीपूर्वक निवडून चालवा, कारण १० कोटी पिक्सेलवर ग्राफिक्स कार्डाचा घाम निघतो. कॅमेरा रॉ कॅशे ५ जीबीवर असेल तर ५० जीबीच्या वर न्या. १०० मेगापिक्सेलच्या फाइलना ५ जीबी काहीच नाही. पॅनोरामा जोडताना लक्षात ठेवा, लाइटरूमची मर्यादा ५१२ मेगापिक्सेल आणि लांब बाजूला ६५,००० पिक्सेलची आहे. एकमेकांवर थोडेसेच चढलेले सहा-सात फोटो जोडले की ही भिंत लागते. त्यापुढचं काम फोटोशॉपमध्ये.

जीएफएक्सच्या पिक्सेल शिफ्टबद्दल इथेच सांगून टाकतो. १६ फोटो फुजीफिल्मच्या पिक्सेल शिफ्ट कम्बाइनरमध्ये जोडून ४०० मेगापिक्सेलची डीएनजी मिळते. रंग अस्सल, मुआरे (बारीक विणीवर उठणाऱ्या खोट्या लाटा) जवळजवळ नाही. पण सोळा फोटोंच्या दरम्यान पान हललं, पाणी वाहिलं किंवा ट्रायपॉडखालची लाकडी जमीन कोणाच्या चालण्याने दबली, तर बारीक जाळीसारखी नक्षी उमटते आणि ती कुठल्याच स्लायडरने जात नाही. संग्रहालयातल्या चित्रांना, मूर्तींना हे तंत्र शोभतं.

रॉथेरपी आणि डार्कटेबल

दोन्ही मोफत, दोन्ही मुक्त स्रोत. पारदर्शकतेत रॉथेरपी सर्वांच्या पुढे आहे. ‘न्यूट्रल’ प्रोफाइल लावलं की कर्व्ह नाही, शार्पनिंग नाही, नॉइज रिडक्शन नाही. डिमोझेकची (सेन्सरच्या एकरंगी नोंदींतून पूर्ण रंग बनवण्याची) पद्धत स्वतः निवडता येते: कमी आयएसओला आमेझ किंवा आरसीडी, नॉइज जास्त असेल तर एलएमएमएसई. जीएफएक्सचा सेन्सर बेयर नक्षीचा (रंगीत फिल्टरांच्या नेहमीच्या मांडणीचा) आहे, त्यामुळे फुजीफिल्मच्या छोट्या कॅमेऱ्यांतल्या एक्स-ट्रान्ससाठी दिलेले सल्ले इथे लावू नयेत. ‘कॅप्चर शार्पनिंग’ फाइल पाहून रेडियस स्वतः ठरवतं, आणि चांगल्या लेन्सच्या १०० मेगापिक्सेल फाइलवर त्याचा निकाल मला सशुल्क सॉफ्टवेअरपेक्षा सरस वाटतो. कडा कुरतडल्यासारख्या होत नाहीत.

अडचण वेगाची आहे. पूर्ण आकारात पाहायला लागलं की रॅम भरते आणि प्रत्येक बदलानंतर थांबावं लागतं. दोनशे फोटोंच्या लग्नाला हे चालणार नाही. प्रदर्शनासाठीच्या पाच फोटोंना नक्की चालेल.

डार्कटेबल ग्राफिक्स कार्डाचा वापर चांगला करतं आणि त्याचे मास्क जबरदस्त आहेत. सुरुवातीला ते एक्सपोजरमध्ये ०.७ ईव्हीची भर घालतं, पण ती मॉड्यूलमध्ये लिहिलेली दिसते, हे महत्त्वाचं. शिकायला वेळ लागतो आणि तो द्यावा लागतोच.

फुजीफिल्मचं एक्स रॉ स्टुडिओ हा वेगळाच प्रकार: कॅमेरा यूएसबीने जोडायचा आणि फाइल कॅमेऱ्याच्याच प्रोसेसरवर डेव्हलप करायची. रंग थेट कॅमेऱ्याचा. पण ज्या मॉडेलची फाइल तेच मॉडेल जोडलेलं हवं, आणि स्थानिक बदल नाहीत.

कशातही उघडा, या तीन गोष्टी अडवतात

मुआरे. या कॅमेऱ्यांच्या सेन्सरपुढे लो-पास फिल्टर (अतिबारीक तपशील किंचित मऊ करणारा) नसतो. सूट, रेशमी साडी, जाळीचे पडदे, लांबून दिसणारी कौलं यांवर रंगीत लाटा उठतात, आणि ५० मेगापिक्सेलच्या पिढीत त्या जास्त दिसतात. कॅप्चर वनच्या मुआरे टूलमध्ये पॅटर्नचा आकडा लाटेच्या रुंदीइतका होईपर्यंत वाढवा, आणि ते नेहमी लेअरवर, फक्त कापडापुरतं लावा. पूर्ण फोटोवर लावलं तर ओठांचा आणि डोळ्यांचा रंगही फिकटतो. लाइटरूममध्ये मास्कमधला मुआरे स्लायडर तेच करतो. रंगाची लाट जाते, पण उजेड-अंधाराची लाट उरते; ती सॉफ्टवेअरने नीट जात नाही. शूटच्या वेळीच अर्धा मीटर पुढे-मागे व्हा किंवा एफ/११-एफ/१६ पर्यंत अ‍ॅपर्चर मिटवा, डिफ्रॅक्शनने (छोट्या छिद्रातून प्रकाश किंचित पसरल्याने) लाट मावळते.

आडव्या रेघा. सेन्सरवरच ऑटोफोकससाठी फेज डिटेक्शनचे पिक्सेल असलेल्या कॅमेऱ्यांत, जीएफएक्स १०० सह, खोल सावल्या चार-पाच स्टॉप उचलल्या की समान अंतरावर पुसट आडव्या रेघा दिसू शकतात. प्रकाश समोरून येत असेल तर जास्तच. रॉथेरपीत यासाठी वेगळा फिल्टर आहे, पण तो सगळ्याच मॉडेलना लागू होत नाही. बाकी ठिकाणी गडद भागातला डीहेझ आणि क्लॅरिटी काढून टाकणं हाच उपाय, कारण रेघा वर आणतात त्या याच दोन गोष्टी.

डायनॅमिक रेंजची सेटिंग. जीएफएक्सवर डीआर२०० किंवा डीआर४०० चालू राहिलं तर कॅमेरा रॉ फाइलच १ किंवा २ स्टॉप कमी एक्सपोज करतो. लाइटरूम गुपचूप ती भरपाई करतं, म्हणून कळत नाही. मोफत सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल काळोखी उघडते आणि दोष सॉफ्टवेअरला लागतो. रॉ काढत असाल तर डीआर१०० वरच ठेवा. उजळ भाग वाचवायचे असतील तर एक्सपोजर स्वतः कमी करा.

कोणी काय घ्यावं

जीएफएक्स आणि स्टुडिओ टेदरिंग: कॅप्चर वन, विचार न करता. फेज वन बॅक आणि टेक्निकल कॅमेरा: तेच, आणि सोबत दुधी पाटी. हॅसलब्लाड: रंगासाठी फोकस, संग्रहासाठी लाइटरूम. दोन-तीन कंपन्यांचा मिश्र संसार: लाइटरूम, पण एक्सपोजर तपासायला फास्टरॉव्ह्यूअर हाताशी. वर्षातून मोजके मोठे प्रिंट काढणाऱ्यांनी रॉथेरपीवर एक रविवार घालवावा, आणि मगच वर्गणी भरायची का ते ठरवावं.

यांतलं काहीही घेतलं तरी जागा वाचवायला मूळ फाइलची डीएनजी करून मूळ फाइल पुसू नका. थ्रीएफआरची डीएनजी झाली की हॅसलब्लाड फोकसचा रंग त्या फोटोला पुन्हा मिळत नाही, आणि आरएएफची डीएनजी कॅप्चर वनमध्ये उघडली तर फिल्म सिम्युलेशनचे कर्व्ह गमवावे लागू शकतात. डिस्क भरत आली तर आधी प्रीव्ह्यू आणि कॅशे उडवा, मग रिटचिंग न केलेल्या जुन्या टिफ. ते सगळं पुन्हा बनवता येतं.